सबसिडी घेतली की व्हाऊचर घ्यावंच लागतं का? डॅलसच्या अपार्टमेंटवाल्या प्रश्नाला जरा लांबलेलं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. पाच मित्रांनी मिळून डॅलस भागातल्या एका अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये पैसे टाकलेत. डील करताना प्रॉपर्टी टॅक्स माफ आहे म्हणून सगळे खूश होते, आता मॅनेजमेंट कंपनी म्हणते की सेक्शन एटचे, म्हणजे सरकारी भाडेमदतीचे, व्हाऊचरवाले भाडेकरू नाकारता येणार नाहीत. टेक्सासमध्ये तर लँडलॉर्डला व्हाऊचर घेण्याची सक्ती नाही असं ऐकलंय, मग हे काय? आणि त्यातल्या एकाचं डॅलसजवळच्या फ्रिस्कोत स्वतःचं घर भाड्याने दिलेलं आहे, त्यालाही हे लागू का? शेवटी हळूच विचारलंय, "भाडं बुडेल का हो?"

मी १७ वर्षं याच भागात अपार्टमेंट मॅनेजमेंटमध्ये आहे, लीजिंग ऑफिसात फोन उचलण्यापासून सुरुवात केली आणि आता कंप्लायन्स बघते, म्हणजे सरकारी सवलत घेतलेल्या बिल्डिंगा नियम पाळतात का ते. वकील नाही, त्यामुळे करार वाचायला वकील लावा, पण रोज काय होतं ते सांगू शकते.

आधी तुम्ही ऐकलंय ते खरं आहे, पण अर्धंच. व्हाऊचर ही १९७४ च्या कायद्यातून आलेली केंद्राची योजना. कुटुंब आपल्या उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के भाडं भरतं, उरलेलं हाउसिंग ऑथॉरिटी, म्हणजे योजना चालवणारी स्थानिक सरकारी संस्था, थेट मालकाच्या खात्यात टाकते. देशभरात २० लाखांच्या वर कुटुंबं यावर राहतात, आणि जे पात्र आहेत त्यातल्या चारात एकालाच कुठलीतरी मदत मिळते, बाकीचे वेटिंग लिस्टवर वर्षानुवर्षं. केंद्राचा कायदा खाजगी मालकाला व्हाऊचर घ्यायची सक्ती करत नाही. म्हणून मग काही शहरांनी आणि राज्यांनी आपापले कायदे केले की भाड्याचे पैसे कुठून येतात यावरून माणसाला नाकारायचं नाही. न्यूयॉर्क शहरात २००८ पासून, न्यूयॉर्क राज्यात २०१९ पासून, कॅलिफोर्नियात व्हाऊचरसाठी १ जानेवारी २०२० पासून. न्यू जर्सीतही आहे, तिकडे एडिसनला कुणाचं घर भाड्याने असेल तर त्यांनी हे उत्तर वाचून "टेक्सासमध्ये चालतं" म्हणून निवांत राहू नये.

टेक्सासची गंमत वेगळी. ऑस्टिनने डिसेंबर २०१४ मध्ये असाच नियम केला आणि २०१५ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून तो कापून टाकला, कुठल्याही शहराने किंवा काउंटीने अशी सक्ती करायची नाही. पण त्याच कायद्यात एक खिडकी ठेवली, सवलत, करार, जादा बांधकामाची परवानगी असल्या ऐच्छिक मार्गाने शहर व्हाऊचर घ्यायला लावू शकतं. शिवाय माजी सैनिकांसाठी एक अपवाद आहे. डॅलसने २०१६ मध्ये बरोबर त्या खिडकीतून हात घातला: सर्व मालकांना नाही, पण ज्या प्रोजेक्टला सिटी कौन्सिल पैसे किंवा सवलत देईल त्याने व्हाऊचरवाल्याला नाकारायचं नाही, आणि १० टक्क्यांपर्यंत घरं व्हाऊचरवाल्यांना देण्याचा खरा प्रयत्न करायचा. याच्या आधीचा इतिहासही आहे, डाउनटाउनच्या पुनर्विकासात परवडणाऱ्या घरांच्या बाबतीत शहर भेदभाव करतंय असा ठपका हडने, म्हणजे केंद्राच्या गृहनिर्माण खात्याने, २०१३ मध्ये ठेवला होता आणि २०१४ मध्ये समझोता झाला. पण तो विषय काढला तर उत्तर उद्यापर्यंत संपणार नाही.

आता तुमचं डील. प्रॉपर्टी टॅक्स पूर्ण माफ म्हणजे माझ्या अंदाजाने तुमची बिल्डिंग पब्लिक फॅसिलिटी कॉर्पोरेशनच्या रचनेत असणार, आम्ही नुसतं पीएफसी म्हणतो. जमीन कागदावर त्या सरकारी संस्थेची, तुम्ही लांबच्या लीजवर, आणि म्हणून टॅक्स शून्य. टेक्सासमध्ये इन्कम टॅक्स नाही पण प्रॉपर्टी टॅक्स दोन टक्क्यांच्या पुढे सहज जातो, त्यामुळे मोठ्या कॉम्प्लेक्सला ही माफी वर्षाला लाखो डॉलर्सची. अशा डीलमध्ये घ्यायचं ते सगळं घेतलं आणि द्यायचं काहीच नाही असं बरंच चाललं, वर्तमानपत्रांतून बोंबाबोंब झाली, आणि २०२३ मध्ये विधिमंडळाने नियम आवळले. नव्या नियमात अगदी स्पष्ट लिहिलंय की व्हाऊचर आहे म्हणून नाकारायचं नाही, आणि व्हाऊचरबद्दलचं धोरण वेबसाइटवर टाकायचं. जुनी डील असेल तर कुठला नियम लागू ते कराराची तारीख बघून ठरेल. टॅक्स क्रेडिटची बिल्डिंग असेल, म्हणजे परवडणारी घरं बांधणाऱ्याला करात सूट देणारी, १९८६ च्या टॅक्स कायद्यातून आलेली ती योजना, तर प्रश्नच नाही, तिथे केंद्राच्याच कायद्यात व्हाऊचरवाल्याला व्हाऊचरसाठी नाकारायला बंदी आहे, टेक्सास असो नाहीतर अलास्का.

त्यामुळे "सक्ती का" या प्रश्नाला माझं सरळ उत्तर: तुमच्यावर कुणी सक्ती केलेली नाही, तुम्ही नकाराचा हक्क विकलाय, आणि किंमत आधीच घेऊन झालीय. डील करताना पन्नास पानांचा पीडीएफ सही करून पाठवला ना, त्यात होतं ते. आपल्याकडे बिल्डर २० टक्के घरं अल्प उत्पन्न गटासाठी ठेवायच्या अटीवर प्लॅन पास करून घेतात आणि नंतर त्या घरांचं दार मागच्या गल्लीतून काढतात, तसला विचार इथे करू नका. इथे तो कागद काउंटीत नोंदलेला असतो.

पण खरं सांगायचं तर "आम्ही व्हाऊचर घेत नाही" असं तोंडावर सांगणारा लँडलॉर्ड आता मला क्वचित भेटतो. २०१८ ला एक अभ्यास आला होता, फोन करून विचारलं की व्हाऊचर घेता का, तर फोर्ट वर्थमध्ये ७८ टक्के मालकांनी नाही सांगितलं, लॉस एंजेलिसमध्ये ७६, आणि वॉशिंग्टन डीसीत जिथे कायदा होता आणि लोकांना माहीतही होता तिथे १५. हा झाला तोंडी नकार. सबसिडीवाल्या बिल्डिंगमध्ये तोंडी नकार देता येत नाही म्हणून तो कागदात जाऊन बसतो, आणि माझं अर्धं काम तो शोधण्याचंच आहे.

सगळ्यात मोठा लपलेला नकार म्हणजे तिप्पट उत्पन्नाची अट. प्रत्येक कॉम्प्लेक्सच्या फॉर्मवर असतं, महिन्याचं उत्पन्न भाड्याच्या तिप्पट हवं. आता हिशोब बघा. भाडं १,५०० डॉलर. एक बाई आहे, घरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची देखभाल करते, दोन मुलं, वजावटी जाऊन तिचं उत्पन्न महिना १,६०० धरलं. तिचा वाटा ३० टक्के म्हणजे ४८०, ऑथॉरिटीचा १,०२०. तिप्पटची अट पूर्ण भाड्यावर लावली तर तिला ४,५०० उत्पन्न हवं. अहो, ४,५०० मिळत असते तर ती व्हाऊचरच्या लायनीत कशाला उभी राहिली असती? नव्या व्हाऊचरपैकी ७५ टक्के तर अगदी तळाच्या उत्पन्नाच्या कुटुंबांनाच द्यायचे असा नियम आहे. म्हणजे ही अट लावली की एकही व्हाऊचरवाला पास होत नाही आणि तुमच्या फॉर्मवर "व्हाऊचर" हा शब्दसुद्धा नाही. म्हणून टेक्सासच्या राज्य कायद्यात टॅक्स क्रेडिटवाल्या बिल्डिंगांसाठी लिहिलंय की उत्पन्नाची अट कुटुंबाच्या स्वतःच्या वाट्याच्या अडीचपटीपेक्षा जास्त नको, आणि २०२३ नंतरच्या पीएफसीलाही तेच. ४८० च्या अडीचपट १,२००, आणि बाई १,६०० कमावते. पास. एकच फॉर्म, एकच बाई, फक्त गुणाकार कशाला करायचा ते बदललं.

दोन वर्षांपूर्वी एका कॉम्प्लेक्सच्या फाइली तपासत होते (नाव घेत नाही), सहा महिन्यांत ११ व्हाऊचरवाल्यांचे अर्ज आणि अकराही "इन्कम इनसफिशियंट" म्हणून बाद. लीजिंगच्या पोरीला विचारलं तर बिचारी म्हणाली सॉफ्टवेअरच लाल करतं. खरंच, कुणीतरी सेटिंगमध्ये तिप्पट टाकून ठेवलेलं, पूर्ण भाड्यावर, आणि कुणी परत बघितलंच नाही. वाईट हेतू असेल नसेल, अकरा कुटुंबांचे अर्जाचे पैसे मात्र गेले. तुमच्या मॅनेजरला पहिला प्रश्न हाच विचारा, सॉफ्टवेअरमध्ये व्हाऊचरवाल्यासाठी वेगळी ओळ आहे का आणि तिथे कुठला आकडा आहे.

दुसरी जागा म्हणजे क्रेडिट स्कोअर. ज्या बाईचं भाडं दोन तृतीयांश सरकार भरणार तिचा क्रेडिट कार्डाचा इतिहास बघून काय मिळणार? कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२४ पासून ठरवलं की व्हाऊचरवाल्याला क्रेडिट रिपोर्टऐवजी भाडं भरायची ऐपत दुसऱ्या पुराव्याने दाखवायची मुभा द्यायची. टेक्सासमध्ये तसं नाही, पण मी माझ्या मालकांना सांगते की आधीच्या लँडलॉर्डचं म्हणणं घ्या, ते स्कोअरपेक्षा शंभर पटीने कामाचं असतं. आणि हो, हे लक्षात ठेवा की व्हाऊचर घ्यायचं म्हणजे कुणालाही आत घ्यायचं असं नाही. आधीच्या घराची नासधूस, भाडं थकवून पळणं, हे सगळं तपासता येतं, फक्त जे बाकीच्यांना लावता तेच यांना लावा.

तिसरी, "आमचा व्हाऊचरचा कोटा भरला". हे फार चालतं. डॅलसच्या नियमातला १० टक्क्यांचा आकडा लोकांना कमाल मर्यादा वाटतो, तेवढी घरं भरली की दार बंद. ते प्रयत्नाचं लक्ष्य आहे, नकाराचा परवाना नाही. टॅक्स क्रेडिटमध्ये तर कोटा हा शब्दच नाही.

आणि चौथी, जी सगळ्यात साधी आणि सगळ्यात जास्त लोकांना बाहेर ठेवणारी आहे: वेळ काढणं. व्हाऊचर हातात आल्यावर घर शोधायला कमीत कमी ६० दिवस मिळतात, पुढे मुदतवाढ मिळाली तर मिळाली. घर पसंत पडलं की मालकाने एक पॅकेट भरून ऑथॉरिटीकडे पाठवायचं, त्यात भाडं किती, विजेचं बिल कोण भरणार, लीजची प्रत. ते पॅकेट लीजिंग ऑफिसच्या ट्रेमध्ये तीन आठवडे पडलं की काम झालं, कुणी नाही म्हटलं नाही आणि बाई गेली.

मघाशी सांगितली ती बाई खरी आहे, आकडे थोडे बदललेत. तिचा ५८ वा दिवस होता. पॅकेट आमच्याकडून वेळेत गेलं, इन्स्पेक्टर आला, मी मुद्दाम बरोबर फिरले. स्मोक डिटेक्टर वाजला, गरम पाण्याच्या टाकीचा पाइप खाली वळवलेला होता, नळाखाली गळती नाही, चारही बर्नर पेटले, आणि मुलांच्या बेडरूममध्ये खिडकीची कडी लागेना. रंगकाम करताना कुणीतरी कडीवरूनच ब्रश फिरवलेला, रंग वाळून ती चिकटलेली. फेल. कडी बदलायचीही नव्हती, फक्त रंग खरवडायचा होता, आमच्या मेंटेनन्सच्या माणसाने चार मिनिटांत पॉकेट नाइफने काढला, पण इन्स्पेक्टर तोवर गाडीत बसला होता आणि फेरतपासणी नऊ दिवसांनी. त्या नऊ दिवसांत ती दोन मुलं घेऊन बहिणीकडे हॉलमध्ये झोपत होती. तेव्हापासून माझा नियम आहे, इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी मी किंवा माझा माणूस प्रत्येक खिडकी उघडून लावून बघतो, प्रत्येक सॉकेटची प्लेट, चार किंवा जास्त पायऱ्या असतील तिथे कठडा. १९७८ च्या आधीची बिल्डिंग आणि घरात सहा वर्षांखालचं मूल असेल तर सुटलेला रंग म्हणजे शिशाची भानगड, तिथे अजिबात चालढकल नाही.

इथे मालकांची बाजूही सांगते, कारण ती खोटी नाही. १,५०० भाड्याचं घर रिकामं राहिलं तर दिवसाला ५० डॉलर जातात. पॅकेट, भाडं वाजवी आहे का त्याची तपासणी, इन्स्पेक्शन, करार, हे सगळं धरून माझ्या अनुभवात दहा दिवस ते तीन आठवडे लागतात, म्हणजे पाचशे ते हजार डॉलर हवेत गेले. रोख भाडेकरू मात्र शनिवारी येऊन सोमवारी किल्ली घेतो. मालकाला टेनंटचा त्रास नसतो, ऑथॉरिटीच्या फोनवर चाळीस मिनिटं वाजणाऱ्या म्युझिकचा असतो. व्हाऊचर घ्या म्हणणाऱ्यांनी हे खर्चात धरायला हवं आणि काही ऑथॉरिटी आता नव्या मालकाला बोनस, किंवा नुकसान झालं तर फंड असं देतातही. पण तुमच्या बाबतीत मला सहानुभूती जरा कमी आहे, माफ करा, कारण तुमचा हजार डॉलरचा खड्डा भरायला टॅक्समाफी आहेच, ती याच्यासाठीच दिलीय.

भाडं बुडेल का? ऑथॉरिटीचा वाटा महिन्याच्या सुरुवातीला थेट खात्यात येतो. २०२० मध्ये लोकांच्या नोकऱ्या गेल्या तेव्हा माझ्या बाजारभावाच्या बिल्डिंगांत हाहाकार होता आणि व्हाऊचरची रक्कम येत होती. शिवाय त्या कुटुंबाचं उत्पन्न घटलं तर त्यांचा वाटा कमी करून ऑथॉरिटी आपला वाढवते, रोख भाडेकरूच्या मागे असं कोण उभं असतं? बुडू शकतो तो टेनंटचा छोटा वाटा. आणि एका बाबतीत पैसे तुमच्याच चुकीने अडकतात, दुरुस्ती सांगितलेल्या मुदतीत केली नाही तर ऑथॉरिटी आपला वाटा थांबवते, साधारण ३० दिवस, जिवाला धोका असेल तर २४ तास. तेवढा थांबलेला वाटा टेनंटकडून मागता येत नाही, हे लक्षात ठेवा.

"वरचे दोनशे रोख घेतो, कागदावर कमी दाखवू" हे मात्र डोक्यातसुद्धा आणू नका. आपल्याकडे भाड्याच्या करारावर एक आकडा आणि हातात दुसरा याची सवय आहे, इथे व्हाऊचरमध्ये ते केंद्र सरकारची फसवणूक धरलं जातं. एका ओळखीच्या माणसाने केलं होतं, आपलाच मराठी, पैसे परत द्यावे लागले आणि त्या ऑथॉरिटीबरोबर पुन्हा करार बंद.

आता फ्रिस्कोचं घर. तिथे तुम्ही काही सवलत घेतलेली नाही, टेक्सासच्या कायद्याने तुम्हाला सक्ती नाही, नाही म्हणू शकता. पण म्हणण्याआधी एक गोष्ट बघा. डॅलस भागात २०११ पासून व्हाऊचरची कमाल रक्कम झिप कोडप्रमाणे ठरते, देशात हे सगळ्यात आधी इथे सुरू झालं, एका कोर्टातल्या भांडणातून. त्याआधी सगळ्या मेट्रोला एकच आकडा होता, म्हणजे साउथ डॅलसमध्ये मालकाला जास्त आणि फ्रिस्कोत परवडतच नाही, त्यामुळे सगळे व्हाऊचरवाले त्याच चार गरीब झिपमध्ये जमायचे. आता तुमच्या झिपचा आकडा बाजारभावाच्या आसपास असू शकतो, ऑथॉरिटीच्या साइटवर झिप टाकून पाच मिनिटांत कळतं. काही सोसायट्यांनी, म्हणजे एचओएने, व्हाऊचरवाल्यांना घरं द्यायची नाहीत असा ठरावच केला होता, त्यावर राज्याने २०२३ मध्ये बंदी घातली, त्यामुळे एचओएचं कारण सांगता येणार नाही. पुण्या-मुंबईत "बॅचलर नको, नॉनव्हेज नको" ऐकत आपण घरं शोधली आणि इथे येऊन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "सेक्शन एटवाले आले तर व्हॅल्यू पडेल" लिहितो, मला ते वाचताना दर वेळी कसंतरी होतं. असो.

हे धोरण पुरेसं आहे का, तर माझ्या मते नाही. सबसिडीवाल्या बिल्डिंगा मुळातच बऱ्याचदा स्वस्त जमिनीवर, गरीब वस्तीत उभ्या राहतात. डॅलसमधूनच ती केस सुप्रीम कोर्टात गेली होती, राज्य टॅक्स क्रेडिट गरीब, काळ्या वस्त्यांतच देतंय म्हणून, २०१५ मध्ये ५ विरुद्ध ४ ने निकाल लागला की हेतू सिद्ध झाला नाही तरी धोरणाच्या परिणामावरून दावा लावता येतो. मुलं लहान असताना चांगल्या वस्तीत गेली तर मोठेपणी त्यांची कमाई सुमारे ३१ टक्क्यांनी जास्त निघाली, हे १३ वर्षांखालच्या मुलांवरचं निरीक्षण आहे, १९९४ ला सुरू झालेल्या पाच शहरांच्या प्रयोगातलं. म्हणजे व्हाऊचर चाललं पाहिजे ते चांगल्या शाळांच्या भागात, आणि तिथे सबसिडीवाली बिल्डिंग मोजून एखादी. तुमची त्यातली असेल तर तिच्या दारात रांग लागेल हे धरून चाला.

तर पुढच्या पार्टनर मीटिंगला जाताना नोंदलेला करार वाचून जा, टॅक्स क्रेडिटवाल्या बिल्डिंगचा असेल तर आम्ही त्याला लुरा म्हणतो (जमिनीच्या वापरावर बंधनं घालणारा करार). मॅनेजर म्हणाला की तो वकिलाकडे आहे, तर काउंटी क्लर्कच्या साइटवर बिल्डिंगच्या मालक कंपनीच्या नावाने शोधा, सापडतो. व्हाऊचरचं कलम बहुतेक वेळा मधेच कुठेतरी असतं, भाड्याच्या मर्यादेच्या तक्त्यानंतर. ते आणि तुमच्या ऑफिसात सध्या वापरात असलेला अर्जाचा फॉर्म शेजारी शेजारी ठेवा. फॉर्मवर "भाड्याच्या तिप्पट" एवढंच लिहिलेलं असेल आणि पुढे काही नसेल, तर सोमवारी सकाळी पहिला फोन तोच.